वाचकांचे प्रश्न : मोठा टीव्ही, मालकांचे अभिप्राय आणि आपले घर

या महिन्याच्या टपालात ६५ इंच आणि त्याहून मोठ्या, लाखाच्या घरात किंवा त्यापलीकडे किंमत असलेल्या स्मार्ट टीव्हींविषयीची पत्रे इतकी आहेत की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. ३२ इंचांहून मोठ्या संचांवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे लांबणीवर टाकलेल्या बऱ्याच खरेद्या मार्गी लागल्या असाव्यात. निम्मी पत्रे घेण्याआधी गोंधळलेल्यांची आहेत आणि निम्मी घेतल्यानंतर चक्रावलेल्यांची. सारख्या स्वरूपाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न (नाशिक) : ६५ इंची ओएलईडी टीव्ही घ्यायचे घरात ठरले आहे. खरेदीच्या संकेतस्थळावर एकाच मॉडेलखाली शेकडो अभिप्राय आहेत. एक मालक म्हणतो, इतका गडद काळा रंग आजवर पाहिला नव्हता; दुसरा म्हणतो, दिवसा पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो; तिसरा म्हणतो, वर्षभरात डाग पडले. विश्वास कोणावर ठेवावा?

उत्तर : तिघेही खरे बोलत असण्याची शक्यता आहे, आणि हीच अशा अभिप्रायांची मोठी अडचण आहे. ओएलईडी पडद्यातला प्रत्येक बिंदू स्वतःचा प्रकाश स्वतः देतो आणि काळा रंग दाखवायचा असेल तेव्हा तो पूर्ण विझतो. त्यामुळे पहिल्या मालकाने रात्री दिवे मालवून चित्रपट पाहिला असेल, तर त्याने लिहिलेले अक्षरशः खरे आहे. मात्र हाच पडदा एखादा छोटा भाग झगझगीत दाखवू शकत असला, तरी संपूर्ण पडदा पांढरा करायची वेळ आली की वीज आणि उष्णता आटोक्यात ठेवण्यासाठी तो आपला उजळपणा बराच कमी करतो. दुसऱ्या मालकाच्या दिवाणखान्याला पश्चिमेकडे मोठी सरकती काच असेल आणि पडदे पातळ असतील, तर दुपारी चार वाजता त्याला जे दिसते तेही तितकेच खरे आहे.

मिनी एलईडी टीव्हीचे याच्या नेमके उलट असते. तो मुळात एलसीडी पडदा आहे. त्याच्या मागे हजारो बारीक दिवे गटागटाने उजळतात किंवा मंद होतात. उजेडाच्या खोलीत तो दमदार दिसतो, पण काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे आली की त्यांच्याभोवती धुरकट वलय दिसू शकते, कारण दिव्यांचे गट पडद्यावरच्या बिंदूंच्या मानाने फारच थोडे असतात. क्यूएलईडी या नावाने विकले जाणारे संचही एलसीडीच आहेत. त्यांत रंग शुद्ध करणारा क्वांटम डॉटचा थर असतो, स्वतः उजळणारे बिंदू नसतात.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. चित्राच्या गुणवत्तेविषयी मालकाने लिहिलेल्या मताला फार वजन देऊ नये, कारण त्यात टीव्हीपेक्षा त्याची खोली, त्याचा सेट-टॉप बॉक्स आणि त्याची सवयच अधिक बोलत असते. काळाबरोबर उघडकीला येणाऱ्या गोष्टींविषयी तो जे लिहितो ते मात्र बारकाईने वाचावे, कारण त्या गोष्टी कोणत्याही दुकानात किंवा तज्ज्ञाच्या आठवडाभराच्या परीक्षणात दिसत नाहीत : वर्षभरानंतर मेनू अडखळतो का, अपडेट आल्यावर काही बिघडले का, बिघाड झाला तेव्हा तंत्रज्ञ किती दिवसांत आला, आणि आपल्या जिल्ह्यात सर्व्हिस सेंटर खरोखर आहे की फक्त कागदावर. "काल आला, आज बसवला, मस्त आहे" या धर्तीच्या पाच ताऱ्यांतून एवढेच कळते की खोके फुटलेले नव्हते.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. अनेक संकेतस्थळांवर एकाच मालिकेतल्या ५५, ६५ आणि ७५ इंची संचांचे अभिप्राय एकाच ठिकाणी गोळा केलेले असतात. एका मालिकेत आकारागणिक पॅनलचा प्रकार, दिव्यांच्या गटांची संख्या, कधी रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो वेग) सुद्धा बदलू शकतो. म्हणून अभिप्रायाखाली बारीक अक्षरांत लिहिलेला आकार पाहिल्याशिवाय तो तुमच्या संचाविषयी आहे असे मानू नये.

प्रश्न (ठाणे) : माझे सासरे निवृत्त आहेत. सकाळी सहाला मराठी बातम्यांची वाहिनी लावतात ती रात्रीच्या जेवणापर्यंत चालू असते. कोणी आवाज बंद केला तरी ते खालची पट्टी वाचत राहतात. मुलांना गेमसाठी आणि आम्हाला चित्रपटांसाठी ओएलईडी हवा आहे. बर्न-इनची, म्हणजे पडद्यावर स्थिर चित्राची खूण कायमची उमटण्याची, भीती कितपत खरी आहे?

उत्तर : तुमच्या घरापुरती ती पुरेशी खरी आहे. ओएलईडीमधले सेंद्रिय द्रव्य प्रकाश देता देता झिजते आणि जो बिंदू जास्त उजळला तो जास्त झिजतो. संपूर्ण पडदा सारखा झिजला तर डोळ्यांना ते कळत नाही. खिडकीच्या पडद्याचा उन्हाकडचा पट्टा तेवढा विटावा, तशी झीज असमान झाली की ती दिसू लागते. वृत्तवाहिनीचा पडदा या दृष्टीने फारच वाईट, कारण कोपऱ्यातले बोधचिन्ह, 'ब्रेकिंग न्यूज'ची लालभडक चौकट, खालची सरकती पट्टी आणि घड्याळ दिवसभर एकाच जागी ठाण मांडून असतात. सरकत्या पट्टीतली अक्षरे हलतात, पण तिची पार्श्वभूमी हलत नाही. हे डाग सुरुवातीला एकरंगी दृश्यातच कळतात. क्रिकेटच्या हिरव्या मैदानावर तळाशी एक मळकट आडवा पट्टा दिसू लागला, की समजावे.

कॅनडातील आरटिंग्ज या परीक्षणसंस्थेने शंभर टीव्ही दीर्घकाळ चालू ठेवून एक चाचणी केली. त्यात संचांवर सीएनएन ही वृत्तवाहिनीच मुद्दाम लावून ठेवली होती. ओएलईडी संचांवर वाहिनीच्या चौकटीच्या खुणा उमटलेल्या त्यात दिसल्या. त्याच चाचणीतली दुसरी बाब मला अधिक महत्त्वाची वाटते, ती अशी की एलसीडी संचही निर्धोक ठरले नाहीत. विशेषतः ज्या सडपातळ एलसीडी संचांत दिवे केवळ कडेला बसवलेले असतात, त्यांत उष्णतेमुळे प्रकाश पसरवणारा आतला थर खराब होऊन पडदा ठिकठिकाणी मंद झाल्याचे आढळले. म्हणून "ओएलईडी नको, एलसीडी घ्या" हा दुकानदाराचा सल्ला अर्धवट आहे. दिवे पडद्यामागे सर्वत्र आहेत की केवळ कडेला, हे त्याला विचारायलाच हवे.

ओएलईडी संचात झीज सावरण्याची व्यवस्था असते. चित्र अगदी किंचित इकडेतिकडे सरकवले जाते आणि स्थिर बोधचिन्ह ओळखून तेवढा भाग मंद केला जातो. यांखेरीज तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची सोय आपल्याकडच्या घरांत हमखास निकामी होते. साधारण चार तासांचा एकूण वापर झाला की रिमोटने टीव्ही बंद केल्यानंतर तो काळ्या पडद्याआड काही मिनिटे स्वतःचे बिंदू तपासून झीज सारखी करण्याचे काम करतो, आणि त्यासाठी त्याला वीज लागते. आपल्या घरांत मात्र रात्री झोपण्यापूर्वी फेरी मारून भिंतीवरची सगळी बटणे खाली करण्याची शिस्त असते. अनेक घरांत तर रिमोटला हात न लावता थेट बटणच बंद केले जाते. रोज असे झाले तर ती दुरुस्ती कधी पूर्णच होत नाही, आणि वर्षभराने मालक पाचांपैकी एक तारा देऊन मोकळा होतो.

विजेची काळजी असेल तर हिशेब सोपा आहे. स्टँडबायमध्ये अर्धा वॅट लागतो असे धरले, तर वर्षाला साडेचार युनिटांहून कमी वीज जाते; दोन वॅट धरले तरी साडेसतरा युनिटांच्या आसपास. तेव्हा सासऱ्यांना एवढेच सांगावे की टीव्ही रिमोटने बंद करायचा आणि बटणाला हात लावायचा नाही. गडगडाट होत असताना प्लग काढून ठेवणे हा वेगळा विषय आहे, आणि तो जरूर काढावा.

इतके करूनही रोज बारा तास बातम्या चालणार असतील, तर मी तुमच्या घरी ओएलईडी सुचवणार नाही. बर्न-इन बहुतेक वॉरंटींतून वगळलेला असतो, ही अट पावतीवर सही करण्यापूर्वी वाचून घ्यावी. दिवाणखान्यात चांगला मिनी एलईडी घ्यावा. किंवा ओएलईडीच हवा असेल, तर सासऱ्यांच्या खोलीत साधा ४३ इंची एलसीडी बातम्यांसाठी वेगळा लावावा. दुसरा उपाय खर्चाचा वाटतो, पण पॅनल बदलण्याच्या मानाने स्वस्त पडतो आणि घरातली रिमोटची ओढाताणही थांबते.

प्रश्न (पुणे) : सोफ्याच्या पाठीपासून समोरची भिंत साडेदहा फूट आहे. दुकानदार ८५ इंची घ्या म्हणतो, सौ. म्हणतात ५५ पुरे. ज्यांनी मोठा घेतला ते सगळे "अजून मोठा घ्यायला हवा होता" असे लिहितात. काय करावे?

उत्तर : बसल्यावर तुमचे डोळे आणि पडदा यांत साधारण साडेनऊ फूट, म्हणजे ११४ इंच राहतील. आकारासाठी दोन जुने आडाखे उपयोगी पडतात. पडद्याने नजरेचा ३० अंशांचा कोन व्यापावा असे मानले, तर अंतराला १.६ ने भागावे; चित्रपटगृहासारखा ४० अंशांचा कोन हवा असेल, तर १.२ ने. तुमच्या बाबतीत उत्तरे ७१ आणि ९५ इंच येतात. म्हणजे ५५ इंची खरोखरच लहान पडेल, ७५ इंची चपखल बसेल, आणि ८५ इंचीही चुकीचा नाही, पण तो तुम्ही काय पाहता यावर ठरेल.

केबलवरच्या साध्या, एचडी नसलेल्या वाहिनीचे चित्र ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे असते. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. मिळालेल्या एका बिंदूच्या जागी टीव्हीला वीस बिंदू भरावे लागतात, त्यांतले एकोणीस अंदाजाने. घरात रोजच्या मालिका साध्या वाहिनीवर पाहिल्या जात असतील, तर ८५ इंचांवर चेहरे मेणाचे वाटतील आणि दोष टीव्हीच्या माथी जाईल. वाहिन्यांचा एचडी पॅक घ्यावा किंवा त्याच मालिका ॲपवर पाहाव्यात. फोर-के चित्रपटांसाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस वेगाची शिफारस करते, आणि हा वेग राउटरपाशी नव्हे तर टीव्हीपाशी मिळायला हवा.

"अजून मोठा हवा होता" हे वाक्य लिहिणाऱ्यांनी ते टीव्ही घरात पोहोचल्यानंतर लिहिलेले असते. ज्यांचा टीव्ही घरात शिरलाच नाही, ते अभिप्राय लिहीत नाहीत. ८५ इंची पडदा १८८ सेंटिमीटर, म्हणजे सहा फुटांहून जास्त रुंद असतो आणि त्याचे खोके त्याहून मोठे. ते उभेच न्यावे लागते, आडवे टाकले तर पॅनलला तडा जाऊ शकतो. लिफ्टच्या दाराची उंची, आतील कर्ण आणि जिन्याचे वळण आधी टेपने मोजावे. भिंतही पाहावी, इतक्या मोठ्या संचाचे वजन चाळीस किलोच्या आसपास किंवा अधिक असते, आणि नव्या इमारतींतल्या हलक्या ब्लॉकच्या पातळ भिंतीत साध्या प्लास्टिकच्या गुट्ट्या ते पेलतील असे गृहीत धरू नये. पडद्याचा मध्य बसल्यावरच्या नजरेच्या पातळीजवळ यावा. आपल्याकडे टीव्ही देवाच्या फोटोसारखा उंच टांगतात आणि मग मान दुखते म्हणून खुर्ची बदलतात. सौ.ना ७५ इंचांचा कागदी आकार भिंतीवर चिकटवून दाखवावा.

एट-केविषयीही तुम्ही विचारले आहे. आपल्याकडे कोणतीही वाहिनी त्या दर्जाचे प्रसारण करत नाही. ते पैसे साउंडबारकडे वळवावेत.

प्रश्न (कोल्हापूर) : नवीन टीव्हीवर जुने मराठी चित्रपटसुद्धा मालिकेसारखे गुळगुळीत दिसतात आणि क्रिकेटमध्ये कधी कधी चेंडूमागे सावली येते. कंपनीचा माणूस म्हणतो, टीव्हीत दोष नाही.

उत्तर : तो बरोबर सांगतो आहे, फक्त उपाय सांगायचा राहिला आहे. चित्रपट सेकंदाला २४ चित्रांच्या गतीने चित्रित होतो. टीव्ही दोन खऱ्या चित्रांच्या मधली चित्रे स्वतः तयार करून घुसवतो, म्हणून हालचाल अनैसर्गिक गुळगुळीत होते. आणि चेंडूसारख्या लहान, वेगवान वस्तूचा अंदाज चुकला की तिच्यामागे सावली उमटते. हे सेटिंग एलजीच्या संचांत 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो' आणि सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी' या नावाने सापडते. चित्रपटांसाठी ते बंद करावे. क्रिकेटसाठी अगदी खालच्या पातळीवर ठेवून पाहावे आणि सावली दिसली तर तिथेही बंद करावे. यूएचडी अलायन्स या उद्योगसंघटनेने २०१९ मध्ये जाहीर केलेला 'फिल्ममेकर मोड' तुमच्या संचात असेल, तर तो निवडताच ही भर घालणारी प्रक्रिया एकदम बंद होते.

याच निमित्ताने आणखी दोन ठिकाणे तपासावीत. पहिल्यांदा चालू करताना 'होम'ऐवजी 'स्टोअर' निवडले गेले असेल, तर टीव्ही कायम दुकानातल्यासारखा भडक राहतो. आणि वीजबचतीचे सेटिंग चालू असेल, तर महागडा पडदाही मलूल दिसतो. "चित्र अंधूक आहे" अशा तक्रारींपैकी बऱ्याच या एका सेटिंगपाशी मिटतात.

प्रश्न (मडगाव) : चित्र उत्तम आहे, पण आईला संवाद ऐकू येत नाहीत. आवाज वाढवला की पार्श्वसंगीताने कान किटतात. शिवाय आमचे घर समुद्रापासून जवळ आहे.

उत्तर : बोटभर जाडीच्या संचात ध्वनिवर्धकाला जागाच उरत नाही, आणि बहुतेकांचे तोंड खाली किंवा मागे असते. साउंडबार घेताना वॅटच्या आकड्यांना न भुलता मधला, संवादांसाठीचा स्वतंत्र ध्वनिवर्धक आहे का ते पाहावे, '३.१' किंवा '५.१' यांत तो असतो, '२.१' मध्ये नसतो. जोडणी टीव्हीच्या 'ईआर्क' किंवा 'आर्क' लिहिलेल्या एचडीएमआय सॉकेटलाच करावी. त्याआधी, पैसे न खर्चता, आवाजाच्या मेनूत संवाद स्पष्ट करणारा पर्याय चालू करून आईला ऐकवावा. अनेकदा तेवढ्यानेच भागते.

खाऱ्या हवेचा त्रास पडद्याला कमी आणि मागच्या सॉकेटांना, सर्किट बोर्डला जास्त होतो. संच समुद्राकडच्या उघड्या खिडकीसमोर लावू नये आणि पावसाळ्यात आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नये. चालू संचाची ऊब आतला दमटपणा कमी करते.

प्रश्न (चिपळूण) : मोठ्या टीव्हीला स्टॅबिलायझर लागतो का?

उत्तर : आताच्या बहुतेक संचांचा वीजपुरवठा साधारण १०० ते २४० व्होल्ट सांभाळून घेतो, मागच्या लेबलवर आकडे छापलेले असतात. तुमच्या भागात खरा धोका कमी दाबाचा नसून विजा कडाडताना येणाऱ्या झटक्याचा आहे. चांगला सर्ज प्रोटेक्टर आणि त्याहून आधी घराचे अर्थिंग तपासून घ्यावे, कारण अर्थिंग नसेल तर प्रोटेक्टरला झटका पुरेसा जिरवता येत नाही. छतावरच्या डिशची तार आणि राउटरची तार यांतूनही झटका येतो. प्लग काढून या दोन तारा तशाच ठेवणाऱ्यांचे संच एचडीएमआय सॉकेटपाशी जळतात.

प्रश्न (न्यू जर्सी) : आम्ही काय पाहतो ते टीव्ही कंपनीला कळवतो, असे इथल्या बऱ्याच मालकांनी लिहिले आहे. हे खरे की अफवा?

उत्तर : खरे आहे, आणि तुमच्याच राज्याचा त्यात वाटा आहे. पडद्यावरच्या चित्राचे ठसे घेऊन कोणता कार्यक्रम चालू आहे ते ओळखणारी व्यवस्था बऱ्याच स्मार्ट टीव्हींत असते. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने न्यू जर्सी राज्यासह विझिओ कंपनीविरुद्ध आणलेले प्रकरण २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरण्याच्या तडजोडीने मिटले. १ कोटी १० लाख टीव्हींमधून मालकांच्या संमतीविना अशी माहिती गोळा केल्याचा तो आरोप होता. ही व्यवस्था एचडीएमआयने जोडलेल्या उपकरणाचे चित्रही ओळखू शकते, त्यामुळे वेगळी स्ट्रीमिंग स्टिक लावली म्हणजे सुटका झाली असे नाही. सॅमसंगमध्ये 'व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन सर्व्हिसेस', एलजीमध्ये 'लाइव्ह प्लस' आणि सोनीच्या अनेक संचांत 'सांबा' या नावाखाली ते असते, आणि बंद करता येते. पहिल्या दिवशी घाईघाईने सगळ्या अटींवर 'मान्य' दाबलेले असते, म्हणून मेनूत पुन्हा जावे लागते. अपडेटनंतर एकदा तपासून घ्यावे.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर) : ७५ इंची संचावर चौदाव्या महिन्यात दोन उभ्या रेषा आल्या. वॉरंटी एक वर्षाची होती. सर्व्हिस सेंटर म्हणते, पॅनल बदलावे लागेल आणि त्याचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळपास येईल. आता गप्प बसायचे का?

उत्तर : गप्प बसू नये, पण पायरीपायरीने जावे. मोठ्या संचात पॅनल हाच किमतीचा मोठा हिस्सा असतो, त्यामुळे सांगितलेला खर्च बनावट आहे असे लगेच मानू नये. कधी कधी रेषांचे कारण पॅनलमध्ये नसून त्याकडे जाणाऱ्या पातळ पट्टीसारख्या केबलीत किंवा टी-कॉन बोर्डमध्ये (पॅनलला चित्राचे संकेत पुरवणाऱ्या सर्किटमध्ये) असते. तंत्रज्ञाने खोलून पाहिले की नुसता फोटो पाहून निदान केले, हे विचारा आणि निदान जॉबशीटवर (दुरुस्तीच्या नोंदीच्या कागदावर) लिहून घ्या. तोंडी निदानाला पुढे कुठेच किंमत राहत नाही. रेषांचा व्हिडिओ तारखेसह ठेवा; टीव्हीचा स्वतःचा मेनू उघडल्यावरही रेषा दिसतात हे त्यात दाखवा, म्हणजे सेट-टॉप बॉक्सकडे बोट दाखवता येणार नाही.

त्यानंतर कंपनीच्या मुख्य तक्रार विभागाला ईमेल करावा. त्यात वापराचे तास, विजेची व्यवस्था आणि पडद्याला आघात झालेला नाही ही बाब लिहून पॅनल सवलतीत देण्याची मागणी करावी. वॉरंटी नुकतीच संपली असेल, तर कंपन्या खर्चाचा काही भाग उचलायला तयार होतात. मागितल्याशिवाय मात्र कोणी देत नाही. तिथे दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. शेवटची पायरी जिल्हा ग्राहक आयोगाची. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, टीव्हीसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वकील सक्तीचा नाही. वॉरंटी संपल्यावर दोष मूळचाच होता हे दाखवण्याची जबाबदारी मात्र तुमच्यावर येते, म्हणून त्या जॉबशीटवर आणि शक्य झाल्यास बाहेरच्या जाणकार तंत्रज्ञाच्या लेखी मतावर सगळे अवलंबून राहील.

आणि तुमचा अनुभव अभिप्राय म्हणून जरूर लिहा. त्यात मॉडेलचा पूर्ण क्रमांक, आकार, खरेदीचा महिना आणि रेषा आल्याचा महिना असावा. नाशिकच्या वाचकासारख्या दहाजणांना "भंगार टीव्ही, घेऊ नका" यापेक्षा त्या चार गोष्टींचा उपयोग होतो.

प्रश्न (सातारा) : चार वर्षांपूर्वी घेतलेल्या टीव्हीचे चित्र अजून चांगले आहे, पण ॲप उघडायला इतका वेळ लागतो की बदलावासा वाटतो.

उत्तर : बदलू नका. पडदा दहा वर्षे टिकू शकतो, पण त्यातला संगणक तेवढा टिकत नाही. २०१९ च्या अखेरीस नेटफ्लिक्सने सॅमसंगच्या २०१० आणि २०११ मधील काही संचांवर चालणे बंद केले, तेव्हाही त्यांचे पडदे धडधाकट होते. आधी न लागणारी ॲप काढून टाकावीत आणि टीव्ही फॅक्टरी रीसेट करून पाहावा. तरी फरक पडला नाही, तर चांगली फोर-के स्ट्रीमिंग स्टिक एचडीएमआयला जोडावी. ती टीव्हीच्या मागच्या यूएसबीवर न लावता तिच्या स्वतःच्या ॲडॉप्टरवर लावावी, नाहीतर वीज अपुरी पडून तीही अडखळेल.

प्रश्न (सोलापूर) : घरकामाला येणाऱ्या ताई काचा पुसायच्या फवाऱ्याने टीव्हीही पुसतात. चालेल का?

उत्तर : चालणार नाही. महागड्या संचांच्या पडद्यावर उजेडाची चमक कमी करणारा थर असतो आणि अमोनिया किंवा अल्कोहोल असलेल्या द्रावाने तो कायमचा डागाळतो. फवारलेले थेंब खालच्या कडेने आत उतरले तर पॅनलही जाते. टीव्ही बंद करून गार होऊ द्यावा, मऊ कोरड्या मायक्रोफायबरच्या फडक्याने दाब न देता पुसावा, आणि मुलांच्या बोटांचे तेलकट ठसे निघत नसतील तर फडक्याचे टोक साध्या पाण्यात बुडवून, घट्ट पिळून वापरावे. ताईंना ते फडके वेगळे काढून द्यावे आणि टीव्हीच्या कप्प्यातच ठेवावे.